इस्त्री टेकवायची, फिरवायची नाही

आदरणीय प्रमिलाबाई सोनटक्के यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते जव्हारला, त्यांच्या घराच्या पडवीत. त्या पडवीत त्यांचा शिवणवर्ग भरत असे, अजूनही भरतो. मी मोखाड्याची. आमच्याकडे जमीनजुमला नव्हता. वडील गवंड्याच्या हाताखाली काम करायचे आणि आई मिळेल त्या मजुरीवर जायची. दहावीत माझी गाडी गणितावर अडली, तेव्हा आईने मला एसटीत बसवलं, जव्हारला आणलं आणि बाईंच्या पुढ्यात उभं केलं. "बाई, हिला मशीन शिकवा. माज्यासारखी रेती वाहायची पाळी नको हिच्यावर," एवढंच ती म्हणाली. बाईंनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, "इस्त्री येते?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "त्यात काय यायचंय? कुणालाही येते."

झालं! त्या एका वाक्याने मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. बरोबरच्या मुली मशीनवर बसून घर्रघर्र आवाज करत होत्या आणि मी कोपऱ्यातल्या टेबलाशी उभी राहून त्यांनी जोडलेल्या गोधडीच्या तुकड्यांना इस्त्री करत होते. बरं, तीही धड जमेना. मी इस्त्री पुढेमागे फिरवली की बाई जिथे असतील तिथून ओरडायच्या, "टेकव! फिरवू नकोस!" पाठीमागे डोळे असल्यासारख्या ओरडायच्या. शेवटी मी वैतागून विचारलं, की सगळं जग इस्त्री फिरवतं, मीच काय पाप केलंय? तेव्हा बाई हातातलं काम ठेवून जवळ आल्या.

"अगं, सदऱ्याला इस्त्री करतात तो शिवून झालेला असतो. तो कुठे जात नाही. हे तुकडे अजून धड एकमेकांचे झालेले नाहीत. तू इस्त्री फिरवलीस की कापड ताणलं जातं, उरेब, म्हणजे तिरपा कापलेला तुकडा तर वेडावाकडाच होतो. मग शेवटी चार कोपरे जुळत नाहीत आणि बाईसाहेब म्हणतात, मशीन खराब आहे. इस्त्री उचलायची, शिवणीवर टेकवायची, दाबायची, परत उचलायची. आधी शिवण मिटलेलीच दाब, म्हणजे दोरा कापडात बसतो. मग उघड, आतलं कापड गडद तुकड्याच्या बाजूला पाड आणि पुन्हा दाब. शेजारच्या ओळीतलं उलट्या बाजूला. म्हणजे दोन ओळी जोडताना शिवणीवर शिवण चढत नाही, शेजारीशेजारी बसतात. आणि एक शिवण दाबून झाल्याशिवाय तिच्यावरून दुसरी घालायची नाही. समजलं?"

मी मान हलवली. समजलं मात्र पुष्कळ पुढे.

बाईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लिही, असं संपादक मंडळींनी मला सांगितलं तेव्हा मी आधी देवाला हात जोडले. गेल्या पावसाळ्यात मला खरोखर वाटलं होतं, की बाईंवर आता कधी लिहायचं झालं तर त्यांच्या फोटोला हार घातल्यावरच. तो लेख लिहावा लागला नाही. हा लिहायला मिळतोय, आणि ज्यांच्यावर लिहिते आहे त्या तो स्वतः वाचणार आहेत, त्यातल्या चुका काढणार आहेत. या सुटकेच्या आनंदात माझी लेखणी थोडी सैल सुटली तर मोठ्या मनाने क्षमा करावी.

बाईंचं काम जव्हार-मोखाड्यात ठाऊक नाही असं घर विरळा. शिवणवर्गात तयार झालेल्या मुली लग्न होऊन पाड्यापाड्यांवर गेल्या. काहींनी मशीन घेतलं, बऱ्याच जणींना ते जमलं नाही. तेव्हा बाईंनी विचार केला, की मशीन नसलं तरी सुई आहे, आणि जुनं कापड नाही असं घर नाही. त्यातून गोधड्यांचे गट सुरू झाले, आणि मीही शिकून झाल्यावर बाईंच्या हाताखालीच राहिले. साखरशेतच्या बायका आल्या, सूर्यमाळच्या आल्या. गोधडीचा वरचा पदर बायकांनी आपापल्या घरी तुकडे जोडून करायचा, जव्हारला आणायचा, बाईंनी तो तपासायचा आणि मग पडवीत सगळ्यांनी बसून धावदोरा घालायचा, असा क्रम ठरला. पावसाळ्यात शिरपामाळ बघायला येणारी माणसं धुक्यात कुडकुडत पडवीलगतच्या आमच्या गोधड्यांच्या दुकानात शिरतात आणि गोधडी पांघरूनच बाहेर पडतात, असं बाई गमतीने म्हणतात. भात आणि नाचणीची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू झाली की साखरशेतच्या बायका गायब. बाई त्यांना कधी बोलावणं पाठवत नाहीत. "शेत आधी. गोधडी कुठे पळून जात नाही," असं म्हणतात.

बाईंचा स्वभाव मऊ आहे असं या ग्रंथात कुणी लिहिलं असेल, तर ते त्यांच्या वर्गात कधी बसलेले नाहीत. बाईंच्या तोंडी कौतुक म्हणून एकच शब्द आहे, "चालेल." 'छान' हा शब्द त्यांनी उभ्या आयुष्यात उच्चारलेला माझ्या ऐकण्यात नाही. त्यांनी केलेला चहा हा आणखी एक वेगळा विषय आहे. तो पिऊन माणूस शिस्तीला लागतो. पण त्यांच्या रागाला एक धरबंध आहे. त्या कामावर रागावतात, माणसावर रागावत नाहीत. उसवायला लावतील, पुन्हा उसवायला लावतील, आणि तिसऱ्यांदा स्वतः शेजारी बसून उसवू लागतील.

माझ्या थोरल्या मुलीच्या जन्माच्या वेळची गोष्ट सांगते. मी जव्हारच्या दवाखान्यात होते. नवरा तेव्हा ठाण्याला गाडीवर होता, त्याला पोचायला वेळ लागला. बाई आल्या. पिशवीतून त्यांनी दुपटं काढलं. लहान लहान चौकोनांचं, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्यांचं. मुलीला त्यात ठेवण्याआधी बाईंनी ते माझ्या पाठीखाली पसरलं आणि म्हणाल्या, "नीज जरा त्यावर. कुठे टोचतं का, सांग." मला काहीच लागलं नाही. इतके तुकडे जोडलेले, पण एकही गाठ, एकही उंचवटा पाठीला कळत नव्हता. "शिवण नीट दाबली नाही की ती आत गोळा होऊन बसते. दिवसा कुणाला दिसत नाही. पण झोपणाऱ्याच्या पाठीला सगळं कळतं," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं बाई इस्त्रीसाठी माझ्या कानीकपाळी का ओरडत होत्या, ते मला त्या खाटेवर पडल्या पडल्या कळलं. माझी लेक त्या दुपट्यात वाढली, मग तिची धाकटी भावंडं वाढली, आणि आता ते दुपटं माझ्याच पेटीत आहे. मी ते कुणाला देत नाही.

आता मी एक प्रसंग जरा सविस्तर सांगणार आहे, कारण बाई म्हणजे काय हे त्यातून जेवढं कळतं तेवढं माझ्या दहा विशेषणांतून कळायचं नाही.

नाशिककडच्या एका वसतिगृहाने आमच्याकडे मुलींसाठी गोधड्या मागितल्या होत्या. शाळा उघडायच्या आत हव्या होत्या. उन्हाळ्यात शेताची कामं नसतात, त्यामुळे गटांनी काम जोरात काढलं. सूर्यमाळच्या गटाची प्रमुख जनीबाई. बारकी, काटक, बोलायला फटकळ आणि हसायला त्याहून मोकळी. तिच्या गटाचे पदर आले तेव्हा आम्ही पाहतच राहिलो. एकेक शिवण अशी सपाट बसलेली, की हात फिरवला तर कागदावरून फिरवल्यासारखं वाटावं. बाईंनी ते उलटेपालटे करून पाहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चालेल. हे असं पाहिजे." चालेल, आणि वर आणखी एक वाक्य! जनीबाई लाजून पदराआड झाली. साखरशेतच्या बायकांची तोंडं जरा उतरली.

गठ्ठे बाईंच्या मागच्या खोलीत रचून ठेवले. धावदोऱ्याला बसायचं म्हणून सोडले, तर साखरशेतचे जसेच्या तसे आणि सूर्यमाळच्या एकूण एक पदरांची चाळण झालेली! उंदरांनी कुरतडलं होतं. तेही कसं, तर कापड सोडून नेमकं शिवणीशिवणीने. जणू कुणी आखून दिलं होतं. पडवीत एकच कल्लोळ झाला. कुणी म्हणालं बाधा आहे, कुणी म्हणालं दृष्ट लागली. साखरशेतच्या एकीने, "तरी म्हनलां, एवढी सपाट कशी?" असं पुटपुटून घेतलं. बाईंनी एक तुकडा उचलून नाकाशी धरला. मग जनीबाईला जवळ बोलावून हळूच विचारलं, "जनीबाई, शिवणीला काय लावलंत?"

"पेज," जनीबाई म्हणाली. "तुमीच सांगलां, शिवण बसली पायजे. आमच्या पाड्यावं लाईट येते कवा, जाते कवा. इस्तरी नाय. मंग आमी भाताची पेज बोटान लावली, वर पाटा ठेवला. बसली ना?"

बसली होती हे खरंच. खळ लावल्यासारखी चिकटून कडक झाली होती. आणि उंदरांना आयतं ताट वाढून मिळालं होतं.

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. शाळा उघडायला थोडे दिवस उरलेले, अर्धं काम वाया गेलेलं. मी जनीबाईला काहीतरी लागट बोलणार होते, पण तेवढ्यात बाई बोलल्या. "चूक जनीबाईंची नाही. मी सांगितलं, शिवण बसली पाहिजे. कशाने बसवणार, घरात काय आहे, हे विचारलं का मी? नाही विचारलं. त्यांनी मान ठेवला माझ्या शब्दाचा." वसतिगृहाला त्यांनी स्वतः फोन लावला, माझ्या हातून चूक झाली, गोधड्यांना उशीर होईल, असं सरळ सांगितलं. कुणाच्या पेजेचं नाव काढलं नाही. मग कुरतडलेले पदर गोळा करून जनीबाई म्हणाली, की आम्ही घरी नेऊन धुऊन आणतो, पुन्हा जोडतो. बाईंनी गठ्ठा तिच्या हातून काढून घेतला. "उन्हाळ्यात सूर्यमाळला प्यायला पाणी नाही आणि तुम्ही माझी पेज धुणार? ठेवा इथे." ते सगळे पदर बाईंनी आणि मी जव्हारला त्यांच्या मोरीत धुतले. बाईंचं वय तेव्हाही काही कमी नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवशी बाई सूर्यमाळला गेल्या. मी बरोबर होते. जनीबाईच्या ओसरीत बसून बाईंनी घरातल्या एकेका वस्तूने शिवण दाबून पाहिली. तांब्यात निखारे घालून पाहिले; तो चटका बसण्याइतका तापला आणि धरवेना. पळी पाहिली, वाटीचं बूड पाहिलं, माझी बांगडीसुद्धा काढायला लावली. मी कंटाळून उठायच्या बेतात होते. तेवढ्यात जनीबाईच्या कुडाला खोचलेला एक जुना विळा बाईंना दिसला. पातं मोडून गेलेलं, नुसती लाकडी मूठ राहिलेली, वर्षानुवर्षं हातात राहून गुळगुळीत झालेली. बाईंनी ती शिवणीवर दाबून ओढली. शिवण आज्ञाधारक मुलीसारखी खाली बसली. ना वीज, ना निखारा, ना पेज. बाई आणि जनीबाई एकमेकींकडे बघून अशा हसल्या, की ओसरीतली कोंबडी बावरून पळाली.

निघताना जनीबाईने ती मूठ बाईंच्या हातात दिली. "न्या बाई. माज्या आयची हाय. तिन लई भात कापला हिच्यान." बाईंनी ती कपाळाला लावली. तेव्हापासून पाड्यांवरच्या सगळ्या गटांत विळ्याच्या मुठीने शिवण दाबतात, आणि घरी चांगली इस्त्री असूनही बाईंच्या शिवणाच्या डब्यात ती मूठ असते. गोधड्या थोड्या उशिरा पोचल्या, पण पोचल्या.

असं सगळं चाललेलं असताना गेल्या श्रावणात एका सकाळी बाई पूजेची फुलं काढता काढता कोसळल्या. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टरांनी सांगितलं. नाशिकला नेलं. त्या दिवसांबद्दल मी फार लिहीत नाही. जीव वाचला, बाई घरी आल्या. पण उजवा हात निर्जीव, आणि वाचा गेलेली. ज्या बाईंचा आवाज रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू जायचा, त्या बाई खाटेवर मुक्याने पडलेल्या. वाचा येईल का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही. प्रयत्न करत राहायचं. त्यांच्या सूनबाई, अंजलीवहिनी, सगळ्यांसमोर धीराने वागायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडायच्या. मी त्यांना जवळ घ्यायचे आणि मीही रडायचे. दुसरं येत काय होतं आम्हांला?

भेटायला माणसं येत. सगळी हळू आवाजात बोलत, गोड गोड बोलत. "काही काळजी करू नका हं, सगळं छान होईल." 'छान' शब्द ऐकला की बाई भिंतीकडे तोंड फिरवत. हाताचा व्यायाम शिकवायला एक मुलगी येत असे. तिने दाबायला रबरी चेंडू दिला. बाईंनी डाव्या हाताने उचलून तो खिडकीबाहेर टाकला. तिने दुसरा आणला, तोही गेला. तेव्हा मला सुचलं आणि मी शिवणाच्या डब्यातून विळ्याची मूठ काढून त्यांच्या उजव्या तळव्यात ठेवली, वर माझा हात धरला आणि त्यांच्या मांडीवर पाट ठेवून एक जोडलेली शिवण खाली सरकवली. बाईंनी मूठ टाकली नाही. बोटं जेमतेम वळली, पण वळली. मग रोज तोच व्यायाम. त्यांनी दाबलेली शिवण वाकडी जायची. त्या तिच्याकडे इतक्या रागाने बघायच्या, की मला बरं वाटायचं. निदान राग तरी शिल्लक आहे.

हात हळूहळू ऐकू लागला. वाचा मात्र फिरकायला तयार नव्हती.

एके दिवशी जनीबाई आली. सूर्यमाळहून निघून, दोन गाड्या बदलून, डोक्यावर कंदमुळांची टोपली घेऊन. बाईंच्या पायाशी बसली, आल्यागेल्यांचं बोलणं ऐकलं. मग मला बाहेर पडवीत ओढून नेलं आणि ताडताड बोलली, "तुमी समदी बाईंशी गोड बोलतांव. तिला कवा गोड आवडला काय? ह्या बाईला राग यील असां काय तरी करा. रागात माणूस बोलतां." मी म्हटलं, अगं, आजारी माणसाला राग आणायचा? डॉक्टर काय म्हणतील? जनीबाई म्हणाली, "डाक्टरला विचारू नको."

वहिनींना मात्र आम्ही विचारलं. त्या म्हणाल्या, "करून बघा. आणखी काय वाईट होणार आहे?"

मग जनीबाई काही दिवस बाईंकडेच राहिली. आम्ही इस्त्रीचं टेबल बाईंच्या खोलीत आणलं, खाटेसमोर मांडलं, आणि त्यांच्यादेखत गोधडीचं काम सुरू केलं. पहिल्या दिवशी जनीबाईने इस्त्री घेतली आणि शिवणीवरून सरळ पुढेमागे फिरवली. बाई ताठ झाल्या. घशातून एक आवाज निघाला. जनीबाईने पुन्हा फिरवली. बाईंनी मूठ खाटेच्या कठड्यावर ठण्णकन आपटली. आवाज मुठीचा आला, तोंडाचा नाही. आम्ही हिरमुसलो. पण आशेला जागा होती.

तसं आम्ही रोज थोडं थोडं केलं. शिवणीवर शिवण चढवली. न दाबलेल्या शिवणीवरून पुढची शिवण घातली. बाई मूठ आपटायच्या, डोळे वटारायच्या, डोळ्यांत पाणी यायचं त्यांच्या. मला अपराधी वाटायचं. एका संध्याकाळी घरी जाताना मी ठरवलं, की उद्या शेवटचं, आणखी छळायचं नाही बाईंना.

त्या शेवटच्या दिवशी मी उरेब कापलेली पट्टी घेतली. उरेब पट्टीला इस्त्री फिरवणं म्हणजे काय, हे शिवणाऱ्या माणसाला सांगायला नको. मी बाईंकडे पाठ करून उभी राहिले, कारण तोंड बघायचं धाडस नव्हतं. इस्त्री ठेवली आणि लांबवर ओढत नेली. पट्टी सापासारखी वळवळून ताणली गेली. परत ओढली. आणि माझ्या पाठीमागून आवाज आला.

"टे..."

मी थांबले नाही. इस्त्री फिरवत राहिले.

"टेकव!"

जाडसर, बोबडा, अर्धा घशात अडकलेला, पण बाईंचाच आवाज. अंजलीवहिनी ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "कोण बोललं?" जनीबाई जमिनीवरून उठत म्हणाली, "बाई बोलल्या. मला नाय, हिला बोलल्या!" मी वळले. बाई लालबुंद झाल्या होत्या आणि माझ्याकडे बोट दाखवत होत्या. उजव्या हाताचं बोट. मग त्यांनी ओठांची बरीच खटपट केली आणि दुसरा शब्द उच्चारला.

"गाढव."

वहिनी खाली बसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. मी इस्त्री बंद करून बाईंच्या खाटेपाशी गेले, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आयुष्यात मला कुणी कुणी काय काय नावं ठेवली आहेत, पण 'गाढव' ऐकून एवढं भरून पावल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. इतक्या दिवसांचा छातीवरचा दगड उतरला. जनीबाईने टोपलीतले उरलेले कंद सगळ्यांच्या हातावर ठेवले, पेढ्यासारखे. बाईंच्याही.

तिथून बाईंची भाषा शिवणीशिवणीने परत आली. अजूनही कधी नावांची अदलाबदल होते. मला जनी म्हणतात आणि जनीबाईला अंजली. बोलणं सावकाश असतं. पण सकाळी वर्गात त्यांची खुर्ची असते, मांडीवर पाट असतो, हातात मूठ असते. नव्या मुलींना त्या आधी मशीन दाखवत नाहीत. "इस्त्री येते?" असं विचारतात. मुली म्हणतात, त्यात काय यायचंय? मी पलीकडे उभी राहून तोंडाला पदर लावते.

बाईंकडून मी काय शिकले, असं मला विचारलं तर उत्तर सोपं आहे. पुढे जाण्याआधी मागचं नीट बसवायचं. घाई करून फिरवायचं नाही. आणि दुसऱ्याची चूक झाली असं वाटलं, तर आधी आपण काय विचारायला विसरलो ते आठवायचं. हे तिसरं मला अजून जमत नाही. प्रयत्न चालू आहे.

अमृतमहोत्सवी सोहळ्यात बाईंना आम्ही शाल देणार नाही. शाली त्यांच्याकडे पुष्कळ झाल्या आणि बाईंना त्यांची वीण पसंत पडत नाही. आम्ही गोधडी करतो आहोत. साखरशेतने आपल्या ओळी जोडून पाठवल्या, सूर्यमाळने आपल्या. जनीबाईने निरोप दिला आहे, की पेज लावलेली नाही. अंजलीवहिनींनी बाईंच्या जुन्या साड्या दिल्या, आणि मी माझ्या पेटीतल्या त्या दुपट्याचा एक चौकोन उसवून मधोमध लावला आहे. सगळ्या शिवणी बाईंनी शिकवल्या तशा दाबल्या आहेत. मिटलेल्या दाबल्या, मग उघडून गडद बाजूला पाडल्या, शेजारच्या उलट पाडल्या. पाठीला कुठे काही कळायचं नाही.

एक सोडून. सगळ्या जणींनी मिळून ठरवून एक शिवण आम्ही दाबलेली नाही. तिच्यावरून पुढची शिवणही घातलेली नाही, त्यामुळे त्या जागी गोधडी अजून व्हायची राहिली आहे. कुठे ते मी इथे लिहिणार नाही. बाई तिच्यावर निजतील आणि त्यांच्या पाठीला कळेल. त्या रात्री नीट झोपणार नाहीत, सकाळी उठून आम्हांला बोलावतील, समोर उभं करतील आणि आमचा उद्धार करतील. आम्ही ती शिवण दाबून देऊ आणि दुसरीकडची एक उसवून ठेवू. पुढच्या वाढदिवसाला तसंच, त्याच्या पुढच्याही.

बाई, तुमची प्रकृती उत्तम राहो, हातात बळ राहो, आवाज पूर्वीसारखा रस्त्याच्या वळणापर्यंत जावो. शंभरी तुम्ही सहज गाठाल, पण तिथे थांबायचं नाही. ही गोधडी आम्ही पुरी होऊ देणार नाही. तुम्ही ओरडत राहा.